पंधरा हजार किलोमीटरचा आकडा कोणासाठी?

आमच्या शहराला भारी गाड्यांची हौस जुनी आहे. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातल्या, १५० जणांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज एकाच वेळी घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा तो सौदा होता आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत शहराचे नाव झळकले होते. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे, ऑडीच्या गाड्याही तिथेच जुळतात. त्या दशकात संभाजीनगर, जालना, बीड, परभणी या पट्ट्यात ज्यांच्या दारात जर्मन गाडी आली, त्यातल्या बहुतेकांनी ती चार-सहा वर्षांत विकून नवी घेतली. जुन्या गाड्या मात्र याच भागात राहिल्या. दुसऱ्या मालकाकडे गेल्या, मग तिसऱ्याकडे, आणि आता त्यातल्या बऱ्याच चिकलठाणा एमआयडीसीतल्या माझ्या गॅरेजात येतात.

अशी गाडी घेऊन येणारा माणूस श्रीमंत नसतो. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर, बियाण्यांचा व्यापारी, कंत्राटदार, कधी नुकताच नोकरीला लागलेला इंजिनिअर मुलगा. नवी असताना चाळीस-पन्नास लाखांना असलेली गाडी त्याने आठ-दहा लाखांत घेतलेली असते, म्हणजे नव्या छोट्या गाडीच्या पैशात. आणि घरचे, शेजारचे, सगळे त्याला एकच सांगतात की तू पांढरा हत्ती दारात बांधलास, आता पोसत बस.

मला हे म्हणणे मान्य नाही. इंजिने खोलण्यात माझा जन्म गेला आहे आणि या गाड्यांचे लोखंड, त्यांची मशिनिंग, त्यांचे गिअरबॉक्स किती मजबूत असतात हे मी हाताने पाहिले आहे. त्या अकाली बसतात त्याची कारणे दोन. पहिल्या मालकाच्या सोयीने आखलेले सर्व्हिसचे वेळापत्रक दुसरा मालक डोळे झाकून पुढे चालवतो, हे एक. आणि जुन्या गाडीला लागणारी दुरुस्तीची माहिती कंपन्या स्वतःजवळ दाबून ठेवतात, हे दुसरे.

आधी पहिल्याबद्दल. टर्बोचे काम साधे आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त म्हणून इंधन जास्त जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याची ताकद देते. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचे पेटंट घेतले होते. कल्पना साधी, पण भाग सोसतो फार. तो दांडा जोरात असताना मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेतो. पेट्रोल गाडीत त्याच्या एका टोकाला ९०० अंशांच्या पुढचा वायू असतो आणि दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. बहुतेक टर्बोंमध्ये तो दांडा कुठल्या छर्‍यांवर फिरत नाही. तो ऑइलच्या केसापेक्षा पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइलच त्याचे वंगण, ऑइलच त्याची थंडाई. हा थर क्षणभर तुटला की धातूला धातू लागतो. मग दांड्याला प्ले येतो, शिट्टी वाजू लागते, मागून निळा धूर निघतो आणि मालकापुढे दीड-दोन लाखांचे बिल येते.

आता सर्व्हिस पुस्तिकेत काय छापलेले असते? बहुतेक जर्मन गाड्यांना आपल्याकडे १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. युरोपात काही गाड्यांना ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षेसुद्धा. नवी गाडी घेणाऱ्याला हा आकडा आवडतो, खर्च कमी दिसतो. गाडी कंपनीच्या ताफ्यात जाणार असेल तर हिशेबनीसही खूश होतो. आणि खरे सांगायचे तर त्या पहिल्या चार-पाच वर्षांत काही बिघडतही नाही, वॉरंटी संपेपर्यंत गाडी छान चालते. पण आत ऑइलचा गाळ थराथराने बसत असतो. तो कोणाच्या काळात बाहेर पडणार? दुसऱ्या मालकाच्या.

किलोमीटर हे इंजिनाच्या झिजेचे मोजमापच नाही, ही गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला कागदावर मांडून दाखवतो. जर्मनीच्या महामार्गावर ताशी ७५ च्या सरासरीने १५,००० किलोमीटर चालायला इंजिन २०० तास फिरते. तीच गाडी क्रांती चौक ते सिडको, जालना रोडच्या गर्दीत ताशी २० च्या सरासरीने चालली, तर त्याच १५,००० किलोमीटरला इंजिन ७५० तास फिरते. म्हणजे जवळपास चौपट. त्यात उन्हाळ्यात बाहेर ४२ अंश, एसी पूर्ण, सिग्नलला गाडी उभी. ऑइलने या सगळ्या तासांचा ताप सोसलेला असतो आणि मीटरवर तेच पंधरा हजार दिसतात. पुष्कळ पुस्तिकांमध्ये धूळ, उष्णता, छोट्या फेऱ्या अशा कठीण परिस्थितीत ऑइल लवकर बदला अशी सूचना असते. ती मागच्या पानावर बारीक अक्षरात असते. आपल्याकडची रोजची परिस्थितीच कठीण आहे, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात यायला हवे होते.

म्हणून माझे ठाम मत आहे की सेकंडहँड टर्बो गाडीचे ऑइल आणि फिल्टर सात-साडेसात हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, बदलावे. पाच ते साडेसहा लिटर फुल सिंथेटिक ऑइल आणि फिल्टर धरून आठ-दहा हजार रुपये जातात. वर्षाला अशी एक सर्व्हिस जास्तीची. एका टर्बोच्या पैशात ही जास्तीची सर्व्हिस पंधरा वर्षे होते, आणि तेवढे आयुष्य त्या गाडीला मिळाले तर आणखी काय हवे?

जालन्याचे एक बियाण्यांचे व्यापारी आहेत. गाडी त्यांनी नव्वद हजार किलोमीटरच्या आत घेतलेली, पहिल्या मालकाची सगळी सर्व्हिस वेळच्या वेळी झालेली, प्रत्येक पानावर शिक्का. टर्बो गेला म्हणून त्यांनी एका ठिकाणी नवा बसवून घेतला आणि तो काही महिन्यांत पुन्हा गेला. तेव्हा ते माझ्याकडे आले, फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, एक सर्व्हिस चुकलेली नाही, बघा. माल डुप्लिकेट लावला का त्यांनी?" माल अस्सल होता. मी इंजिनाखालचे ऑइलचे चेंबर उतरवले. तळाला डांबरासारखा गाळ, ऑइल खेचणारी जाळी निम्म्याहून जास्त बुजलेली. टर्बोला ऑइल नेणारा बारीक पाइप कापून पाहिला तर आतून कोळशाचा थर. नवा टर्बो त्याच जुन्या पाइपवर बसवला होता. त्याला पहिल्या दिवसापासून ऑइल अर्धेच मिळत होते.

टर्बो का गेला हे शोधल्याशिवाय नवा टर्बो लावणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे दुसऱ्यांदा जाळणे. ऑइलचा पाइप, त्याच्या बोल्टमधली जाळी, परतीचा पाइप, क्रँककेसमधल्या वाफा बाहेर काढणारा ब्रीदर, हे सगळे नवे किंवा साफ करूनच टर्बो चढवायचा. त्या गाडीचे चेंबर आम्ही हाताने साफ केले. जुन्या इंजिनात फ्लशचे केमिकल ओतून मोकळे व्हायला मी तयार नसतो, कारण सुटलेला गाळ जाळीत जाऊन बसतो आणि ऑइलचा दाब पडतो. नंतर दोन-तीन वेळा ऑइल मुद्दाम फार लवकर बदलले. ती गाडी आज दीड लाख किलोमीटरच्या पुढे चालते आहे आणि व्यापारी तिने आठवड्याला अकोल्याला जातात.

मोंढा नाक्याजवळच्या ज्या उस्तादांच्या हाताखाली मी पाना धरायला शिकलो, ते ऑइल दोन बोटांत चोळून, वास घेऊन सांगायचे की चालेल की बदलायचे. त्यांच्या हाताला मी आजही मानतो. पण त्यांची इंजिने वेगळी होती. आजच्या डिझेलमध्ये नवे ऑइल चारशे-पाचशे किलोमीटरमध्ये काळे होते आणि ते चांगले लक्षण आहे, काजळी ऑइलने धरून ठेवली आहे एवढाच त्याचा अर्थ. उलट डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत ऑइल सोनेरी दिसते आणि त्यात पेट्रोल मिसळून ते पातळ झालेले असते. रंगावर जाऊ नका, तास आणि महिने मोजा.

आणि नुसते "फुल सिंथेटिक" या दोन शब्दांवरही जाऊ नका. दुकानदार ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० म्हणून डबा देतो. पण तो फक्त दाटपणा झाला. डब्याच्या मागे गाडीच्या कंपनीची मान्यता छापलेली असते ती वाचायची. फोक्सवॅगन-ऑडी-स्कोडाला ५०२ ०० किंवा ५०४ ००, डिझेलला फिल्टर असेल तर ५०७ ००. बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ-०१ किंवा ०४. मर्सिडीजला २२९.५, २२९.५१ वगैरे. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा हा फिल्टर, असलेल्या डिझेलमध्ये कमी राखेचेच ऑइल लागते. जळलेल्या ऑइलची राख त्या फिल्टरमध्ये साठते आणि काजळी जाळणारे रिजनरेशन कितीही झाले तरी ती राख जळून जात नाही. पेट्रोल टर्बोंसाठी मे २०२० पासून एपीआय एसपी हा दर्जा आला आहे. त्याला एक मोठे कारण होते. कमी आरपीएमला मोठ्या गिअरमध्ये पाय दाबला की सिलेंडरमध्ये कधी कधी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटते आणि तो धक्का पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तोडू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या मसाल्याचा त्यात वाटा आहे असे दिसल्यावर नव्या ऑइलचा मसालाच बदलला. त्यामुळे मॅन्युअल गिअरची टर्बो पेट्रोल गाडी असेल त्यांनी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये रखडत रखडत चढ चढू नये. एक गिअर खाली घ्या, इंजिनाला मोकळे फिरू द्या. अ‍ॅव्हरेज थोडे कमी पडेल, पिस्टन वाचेल.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून आमच्याकडच्या कामाचे रूप बदलले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला, जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूचा शेवटचा टप्पा, आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. कारला १२० ची मर्यादा आहे. मे महिन्यात दुपारी नागपूरहून निघायचे, दोन-अडीच तास त्या वेगाने चालायचे, चहाला वळून गाडी थांबवली की त्याच सेकंदाला बंद करून उतरायचे, ही सवय टर्बोला सगळ्यात वाईट. इंजिन बंद झाले की ऑइल थांबते, पण टर्बोच्या गरम टोकाची उष्णता थांबत नाही. ती दांड्याकडे सरकते आणि तिथे अडकलेल्या ऑइलचा कोळसा होतो. तोच कोळसा पुढे पाइपात जमतो.

यावर जुने ड्रायव्हर पाच-पाच मिनिटे गाडी चालू ठेवून उभे राहतात. आजच्या गाड्यांना त्याची गरज नाही. बहुतेक टर्बोंना आता पाण्याचाही वेढा असतो आणि इंजिन बंद झाल्यावर छोटा इलेक्ट्रिक पंप थोडा वेळ कूलंट फिरवतो. थांबण्याआधीचे शेवटचे दोन किलोमीटर पाय हलका ठेवा, इंटरचेंजवरून उतरताना आपोआप वेग कमी होतो त्याचा फायदा घ्या, उभी केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा, झाले. सकाळी उलटे: थंड इंजिन सुरू करून लगेच रेस करू नका. पहिले चार-पाच किलोमीटर शांतपणे चालवा, ऑइल गरम होऊन टर्बोपर्यंत नीट पोचू द्या. आणि गाडी बंद केल्यावर पंखा घरघरतो म्हणून घाबरून बॅटरीची वायर काढणारेही मी पाहिले आहेत. तो पंखा फिरतो तो तुमच्यासाठीच.

कूलंटबद्दल मला मराठवाड्यातल्या प्रत्येक गाडीमालकाला हात जोडून सांगावेसे वाटते. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती आहेत हे घरातल्या नळाच्या तोट्या बघून कळते. ते पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका. टर्बोभोवतीचा पाण्याचा रस्ता फार अरुंद असतो, तिथे क्षार बसला की वर सांगितलेली सगळी थंडाई संपते. शेतावर किंवा रस्त्यात अडचणीत एखादा लिटर टाकावा लागला तर टाका, पण गावी पोचल्यावर सगळे काढून डिस्टिल्ड पाणी आणि कंपनीने सांगितलेले कूलंट निम्मे-निम्मे भरा. लाल, गुलाबी, हिरवे असे रंग बघून एकात एक मिसळू नका, रंग हा दर्जा नव्हे. आणि या गाड्यांत थर्मोस्टॅटचे घर, पाण्याच्या पंपाचा भाग पुष्कळदा प्लास्टिकचा असतो. दहा वर्षांच्या उष्णतेने ते ठिसूळ होते. पाणी थेंब थेंब कमी होतंय असे दिसले तर वरून भरत राहू नका, कुठून जाते ते शोधा.

हवेचेही तसेच. जिनिंगच्या दिवसांत कापसाचा तंतू आणि एरवी उन्हाळ्यातली पांढरी धूळ, आमच्याकडचा एअर फिल्टर सहा महिन्यांत भरतो. फूटपाथवरचा दोनशे रुपयांचा फिल्टर कडेने नीट बसत नाही, आणि त्या फटीतून गेलेली धूळ टर्बोच्या पात्यांच्या कडा घासून काढते. इंटरकूलरच्या होजला चीर पडली की इंजिनाला हवा कमी मिळते. मग ती भरून काढायला टर्बोला जास्त फिरावे लागते. पिकअप कमी झाला म्हणून नवा टर्बो लावून घेणारे आणि खरा दोष होजच्या क्लिपमध्ये निघालेले मालक मला दर मोसमात भेटतात. पाच मिनिटांची धुराची चाचणी केली असती तर कळले असते.

गिअरबॉक्सविषयी एकच वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. "लाइफटाइम ऑइल" ही गोष्ट नसते. ज्या झेडएफ कंपनीचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बीएमडब्ल्यूत आणि इतर अनेक गाड्यांत असतात, ती कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या सहा गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सला ६०,००० किलोमीटर. बाकी डायरेक्ट इंजेक्शनच्या व्हॉल्व्हवर कार्बन बसतो, कारण पेट्रोल त्यांच्यावरून वाहतच नाही. तो लाख किलोमीटरच्या आसपास अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने साफ करून घ्यावा. आणि जुन्या गाडीचा कॉम्प्युटर रिमॅप करून ताकद वाढवण्याच्या नादी लागू नये. जो मुलगा आठ लाखांची गाडी घेऊन तीस हजारांत चाळीस हॉर्सपॉवर वाढवतो, त्याला मी आपल्या धाकट्या भावासारखे सांगतो की ते तीस हजार ऑइल, कूलंट आणि टायरला लाव.

घेतानाच्या गोष्टी थोडक्यात. दिल्लीत डिझेल गाडीला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा हरित लवादाने २०१५ मध्ये घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. त्यामुळे नऊ-साडेनऊ वर्षांच्या चांगल्या डिझेल गाड्या तिथून स्वस्तात आपल्याकडे आल्या. त्या सगळ्या वाईट नाहीत. पण दिल्लीच्या गर्दीतले साठ हजार किलोमीटर म्हणजे इंजिनाचे किती तास, हा वरचा हिशेब आठवा. गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नको. थंड इंजिन सुरू होतानाच चेनचा खडखडाट आणि पहिला निळा धूर कळतो. गरम करून ठेवलेली गाडी दाखवली तर परत या. स्कॅनर लावून फक्त इंजिन वाचू नका, गिअरबॉक्स, एअरबॅग, सगळे मॉड्युल वाचा. मीटर मागे फिरवलेला असला तरी एखाद्या मॉड्युलमध्ये खरे किलोमीटर राहून जातात. कार्पेट उचलून वायरिंगच्या जोडांत चिखल पाहा, २०१९ आणि २०२१ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरानंतर अशा गाड्या फार फिरल्या. इंजिनाचा कोड विचारा. फोक्सवॅगन गटाच्या १.८ आणि २.० पेट्रोल इंजिनाची दुसरी पिढी पिस्टनच्या ऑइल रिंगांमुळे ऑइल पिते, हे जगभर माहीत आहे. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला असते, त्यामुळे ती बदलायला मोठी उतरवाउतरवी लागते. म्हणून या गाड्या घेऊच नयेत असे नाही. ते काम झाले आहे का हे विचारून, झाले नसेल तर तेवढे पैसे किमतीतून कापून घ्याव्यात. आणि गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्याच दिवशी बाजूला ठेवावा. तेवढे पैसे उरत नसतील तर खालच्या किमतीची गाडी बघावी.

इथपर्यंत सगळे मालकाच्या आणि मेकॅनिकच्या हातातले. पण मी कितीही मनापासून काम करायचे म्हटले तरी एका भिंतीला येऊन डोके आपटते. नवे इंजेक्टर बसवले की त्यांचे कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरावे लागतात. काही गाड्यांत नुसती बॅटरी बदलली तरी ते नोंदवावे लागते. हेडचे बोल्ट किती टॉर्कने आणि पुढे किती अंश फिरवायचे याचा आकडा प्रत्येक इंजिनाला वेगळा. ही माहिती आणि हे सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपात असते, माझ्यासारख्याला रीतसर मिळत नाही. तिथे जायचे तर दहा वर्षांच्या गाडीसाठी मालकाला न परवडणारे बिल होते. मग पोरे चोरून उतरवलेल्या सॉफ्टवेअरवर आणि यूट्यूबवरच्या कोण्या रशियन मेकॅनिकच्या व्हिडिओवर कामे करतात. काही नीट होतात, काही होत नाहीत, आणि बोल मात्र गाडीला लागतो.

२५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने नेमके याच कारणावरून १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांवर दंड केला होता. सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तके आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजांना न देऊन त्यांनी ग्राहकाला बांधून ठेवले, असे आयोगाने म्हटले. ती माहिती खुली करा असा आदेशही दिला. प्रकरण पुढे अपिलांत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात मोटारींचे क्षेत्रही घेतले. मला त्याचा आनंद झाला होता. पण पोर्टलवर कंपनीचा फोन नंबर आणि वॉरंटीच्या अटी वाचून माझ्या रॅम्पवरची गाडी खाली उतरत नाही. मला वायरिंगचे नकाशे, टॉर्कचे आकडे आणि कोडिंग हवे.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. युरोपीय संघाने २००७ च्या ७१५ क्रमांकाच्या नियमाने तिथल्या मोटार कंपन्यांना दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणे बंधनकारक केले, आणि ते बंधन आजही आहे. त्यासाठी त्यांनी वेबसाइट चालवायची आणि वाजवी शुल्क घ्यायचे. आपल्याकडे गाड्या विकणाऱ्या त्याच जर्मन कंपन्या तिथे हे निमूट करतात. तिथला छोटा गॅरेजवाला तास-दिवसाचे पैसे भरतो, हवा तो नकाशा उघडतो, काम करतो. आपल्याकडे आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा कोर्स करून आलेली मुले माझ्याकडे येतात. हुशार असतात, हात चांगला असतो, पण अस्सल कंपनीच्या सॉफ्टवेअरवर त्यांनी एकही गाडी उघडलेली नसते, कारण ते त्यांच्या संस्थेला कोणी दिलेलेच नसते.

केंद्राने युरोपासारखा नियम मोटार कायद्यात घालावा, आणि राज्याने निदान संभाजीनगर, पुणे, कोल्हापूर, नागपूरच्या आयटीआयमध्ये ही माहिती विकत घेऊन ठेवावी, एवढी माझी मागणी आहे. मला ती फुकट नको. ताशी दर ठरवा, पावती द्या, आम्ही पैसे भरू.